घरात मयत झाली तर: कशाला घाई करायची, कशाला नाही

रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा पलीकडच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, सामान मिळंल काय आत्ता?" मी म्हणतो, सामान मिळतंय रे, दुकान घराखालीच आहे. डॉक्टर येऊन गेले काय? मग पलीकडं कुजबूज सुरू होते, आणि माझ्या ध्यानात येतं की डॉक्टर सोडून बाकी सगळ्या पाहुण्यांना फोन झालेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला आमचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान आहे. आम्ही मूळचे कुंभार. मडकं न्यायला आलेला माणूस बांबू, काथ्या, कापड कुठं मिळंल म्हणून विचारायचा, तेव्हा वडिलांनी तेही ठेवायला सुरुवात केली. पुढं शीतपेटी आली, शववाहिका ठरवून देणं आलं, बेवारस मयत असली की पोलीस ठाण्यातून बोलावणं यायला लागलं. सामानाचे पैसे घेतो. मयत उचलायचे, सरण रचायचे, कागदं करून द्यायचे घेत नाही.

हे लिहितोय ते घरातल्या त्या एका माणसासाठी, ज्याला रडायला सवड मिळत नाही. थोरला जावई, पुतण्या, नाहीतर शेजारचे गुरुजी. मयतीच्या घरात काही कामांना घाई लागते आणि काहींना अजिबात लागत नाही, आणि लोक नेमकं उलटं करतात. शरीराचं जे तासाभरात करायचं ते राहून जातं, आणि कागदाचं जे शांतपणे करायचं ते उरकून टाकायची गडबड होते.

डॉक्टर आधी, वेळ नंतर

माणूस वयस्कर होतं, आजारी होतं, अंथरुणातच गेलं, तर नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवा. ते तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. घरी झालेल्या मृत्यूला नमुना 4-अ, दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना 4. हा कागद हातात पडेपर्यंत मातीची वेळ कुणालाही सांगू नका. गावाच्या ग्रुपवर "दुपारी एक वाजता" असं एकदा पडलं की सगळा गाव त्या वेळेच्या मागं लागतो आणि मग डॉक्टरांवर दबाव येतो.

साप चावला, करंट बसला, विहिरीत पडलं, भाजलं, विषारी औषध घेतलं, फास घेतला, गाडीचा अपघात झाला, अशा मयतीला खासगी डॉक्टर दाखला देत नाहीत आणि तुम्ही मागूही नका. महिन्यापूर्वी मोटारसायकलवरनं पडून अंथरुणाला खिळलेला माणूस आज घरी गेला, तरी पोलिसांना कळवायचंच. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा करतात. पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, 174 कलमाखाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, 194 खाली होतं. मग सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन. तेही शक्यतो दिवसाउजेडी होतं, म्हणजे संध्याकाळची मयत असेल तर माती दुसऱ्या दिवशीच.

इथं हमखास एक मामा उठतो आणि म्हणतो, "गेलेल्या माणसाची आणि चिरफाड कशाला?" या मामाला बाजूला घ्या आणि पुढचं सांगा. पावसाळ्यात आमच्याकडं भातात, उसात साप चावून माणसं जातात. शेतकऱ्याच्या घरातली अशी मयत असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतनं 2 लाख रुपये मिळतात. वय 10 ते 75, सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात. पण पोलिसांची नोंद नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, तर साप चावला हे सांगायचं कशाच्या जोरावर? चिरफाड नको म्हणून घाईनं अग्नी दिलेल्या घरातली बाई वर्षभरानं दुकानात येऊन विचारते, काही करता येईल काय. तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

पहिला तास शरीराचा

डॉक्टर येईपर्यंत बायकांना रडू द्या, पण दोन जण आत थांबा. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. कवळी असेल तर ती तोंडातच राहू द्या किंवा आत्ताच बसवा, नंतर बसत नाही आणि गाल आत गेलेला चेहरा घरच्यांना ओळखू येईना होतो. हनुवटीखालनं डोक्यावर घेऊन कापडाची पट्टी बांधा. हात सरळ करून अंगालगत ठेवा, पायाचे दोन्ही अंगठे जोडून बांधा. तीन-चार तासांत जबडा आणि मान ताठायला लागते, बारा तासांत सगळं अंग. उन्हाळ्यात त्याहून लवकर. एकदा ताठलेला हात ओढून सरळ करणारी माणसं मी बघितलीत, आणि ते बघणाऱ्या लेकीचा चेहराही बघितलाय.

अंगठ्या, पाटल्या लगेच काढा, बोटं सुजतात. साबणाचं पाणी लावलं की निघतात. काढलेला दागिना दोन जणांच्या समोर वहीत लिहून एकाच बाईकडं द्या. बाराव्याला होणारी निम्मी भांडणं या वहीनं टळतात.

नळ्या घातलेल्या असतील तर स्वतः ओढू नका, नर्सला बोलवा. आणि छातीत पेसमेकर असेल तर ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. त्यातली बॅटरी आगीत फुटते, सरणाजवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. डॉक्टर लहानसा छेद देऊन तो काढून देतात.

नेत्रदान करायचं असेल तर तेही याच पहिल्या तासात ठरवा, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस आहेच. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, अर्ध्या तासाच्या आत त्यांचं काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, साखर होती, तरी चालतं. देहदान मात्र मयत झाल्यावर आठवून होत नाही असंच धरून चाला. आधी वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्म भरलेला असला की काम सोपं, आणि घरच्यांची संमती लागतेच. शवविच्छेदन झालेलं शरीर ते घेत नाहीत.

लिंगायतांच्या घरी गोष्ट वेगळी, आणि आमच्या भागात लिंगायत समाज मोठा आहे. तिथं मयत बसवून समाधी द्यायची असते. म्हणजे अंग ताठायच्या आत पाटावर मांडी घालून, भिंतीला टेकवून, छातीला आणि कपाळाला पट्टी बांधून बसवावं लागतं. मुंबईहून आलेली नातवंडं आजोबांना शीतपेटीत आडवं ठेवा म्हणून हट्ट धरतात. पेटीत झोपवलेलं, ताठलेलं, गारठलेलं अंग नंतर बसत नाही. तेव्हा आधी जंगम स्वामींना फोन, मग बाकीच्यांना. थांबायचंच असेल तर बसवलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या, खाली ताडपत्री आणि पाणी काढायला बादली. मुसलमान आणि ख्रिश्चन समाजाचं आपापल्या जमातीत, चर्चमध्ये व्यवस्थित लावलेलं असतं. तिथं माझं काम गाडीपुरतं.

शीतपेटी

पोरगं पुण्याला, मुलगी मुंबईला, हे आता घरोघरचं झालंय, त्यामुळं पेटी लागतेच. पेटी घरी आली की मयत लगेच आत ठेवू नका. सपाट जमिनीवर ठेवून अर्धा तास नुसती चालू ठेवा. तिला भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की बोर्ड तापतो. घरच्या इन्व्हर्टरला ती झेपत नाही, म्हणून लाईट जायची शक्यता असेल तर जनरेटर कुणाकडं आहे ते आधीच विचारून ठेवा. अंग कोरडं करून पातळ चादरीत ठेवा. आणि प्रत्येक नवीन पाहुणा आला की झाकण उघडू नका. काचेवर धुकं धरतं, ते बाहेरनं फडक्यानं पुसा. झाकण उघडायचं ते एकदाच, लेकरू येऊन पोचल्यावर.

मातीची वेळ ठरवताना येणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. "निपाणीला आलो" म्हणणारा पोरगा कागलला असतो. गाडीत बसलेल्या दुसऱ्या कुणालातरी फोन लावा, किंवा लोकेशन मागवा. आणि त्याला घाई करायला लावू नका. बाप गेलेल्या पोराच्या हातात स्टेअरिंग असेल तर गाडी दुसऱ्यानं चालवावी, हे फोन करणाऱ्यानंच सांगायचं असतं.

सामान

यादी करत बसू नका. तालुक्याच्या ठिकाणी दुकानात नुसतं "पुरुष", "बाई", "सवाष्ण" एवढं सांगितलं तरी सगळं बांधून मिळतं. दोन लांब ओले बांबू, आडव्या कामट्या, काथ्या, कोरं पांढरं कापड, मडकं, हळद-कुंकू, गुलाल, बुक्का, कापूर, उदबत्ती, तूप, तीळ, तुळस, हार. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, हिरवा चुडा आणि ओटीचं सामान. बांबू वाळलेला घेऊ नका, उचलताना कडकन मोडतो. नायलॉनची दोरी तर नकोच. गाठ पटकन बसते म्हणून पोरं तीच आणतात आणि ती वितळून सगळ्याला चिकटते. हे सगळं दोन-तीन हजारांच्या आत बसतं. कुणी त्याच्या दुप्पट सांगत असेल तर दुसऱ्या दुकानात जा, माझं दुकान असलं तरी.

दवाखान्यातनं आणलेल्या मयतीला प्लास्टिकची पिशवी असते. ती सरणावर चढवायच्या आधी काढायची. गादी, उशी, औषधांच्या पिशव्या सरणावर टाकायच्या नाहीत आणि नदीकाठालाही टाकायच्या नाहीत.

आता एक जागा, जिथं मी स्वतः आडवा होतो. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला म्हाताऱ्या बायका पुढं होतात. आमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मी वाद घालत नाही. तिरडी उचलायच्या आधी घरातल्या थोरल्या सुनेला किंवा लेकीला बाजूला घेऊन विचारतो, "आईच्या हातातलं राहू दे नव्हं?" ती हो म्हणाली की मी मोठ्यानं म्हणतो, "चला, वेळ झाली, उचला." गडबडीत तो विधी राहून जातो. मयतीच्या घरात मी मुद्दाम केलेली घाई ती एवढीच.

सरण

तीनशे-साडेतीनशे किलो वाळलेलं लाकूड लागतं. आमच्याकडं लाकडासोबत शेणी, म्हणजे गोवऱ्या, वापरतात, त्यानं लाकूड बरंच वाचतं. कोल्हापूर शहरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला "होळी लहान, शेणी दान" म्हणून लोक स्मशानात शेणींचे ढीग लावतात. तालुक्याच्या गावांनी यातलं दुसरं तरी उचलावं. होळीच्या शेणी पावसाळ्याला पुरत नाहीत, पण जूनमधली ओली मारामार पुष्कळ कमी होते.

रचताना खाली दोन जाड ओंडके आडवे टाका आणि त्यांवर उभी लाकडं, म्हणजे खालनं वारा खेळतो. लोक खालचा थर गच्च भरतात आणि मग पेटत नाही म्हणून डिझेल ओततात. डिझेलचा भडका वरवर होतो, आतलं लाकूड तसंच राहतं, आणि ओतणाऱ्याच्या भुवया जातात. टायर घालणाऱ्याला तर मी स्मशानातनं बाहेर काढतो. छाती आणि कमरेचा भाग जळायला उशीर लागतो, म्हणून जड लाकडं तिथं ठेवा, पायाकडं बारीक. शेणी कडेनं उभ्या लावा. वारा ज्या बाजूनं येतो तिकडनं पेटवा. कापूर आणि तूप खालच्या फटींत घाला, वर शिंपडून उपयोग नाही.

पावसात शेडमधल्या लाकडाचा वरचा थर सोडून आतलं काढा. ज्या गावात शेडच नाही तिथं चार बांबूंवर पत्रा धरून उभं राहावं लागतं. पत्रा धरणाऱ्यांची पाळी लावा, एकाच पोराला दोन तास उभं करू नका.

सगळे परतले तरी दोन माणसं राहिलीच पाहिजेत, कारण सरण एका अंगाला कलतं आणि लांब बांबूनं लाकडं सारावी लागतात. त्या दोघांना चहा आणि काहीतरी खायला पाठवा. हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. हाडाच्या ऑपरेशनची पट्टी, स्क्रू राखेत सापडतात, ते वेगळे काढा, शेतात अनवाणी पायात जातात. राख पोत्यानं हिरण्यकेशी नदीत ओतण्यापेक्षा चिमूटभर पाण्यात सोडून बाकी शेताच्या बांधावर खड्डा काढून घाला आणि वर झाड लावा. बऱ्याच गावांत आता असंच करतात. भटजींना आधी सांगून ठेवलं की तेही अडवत नाहीत.

दाखला, आणि पासबुक

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. ती माणूस जिथं गेलं तिथं होते, जिथं राहत होतं तिथं नाही. दवाखान्यात गेलं तर दवाखाना कळवतो, घरी गेलं तर घरच्यांनी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कळवायचं. 21 ते 30 दिवसांत थोडा दंड, तीस दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. रुग्णवाहिकेत वाटेत गेलं तर गाडी जिथं पहिली थांबली तिथं नोंद, म्हणून ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि थांबल्याची जागा लिहून घ्या.

आमच्या भागातलं खास दुखणं बेळगावचं. इकडचे पेशंट बेळगावला नेतात, तिथं काही झालं की नोंद कर्नाटकात आणि दाखला कन्नड-इंग्रजीत. नाव लिहून घेणाऱ्याला "कुलकर्णी की कुळकर्णी" हा फरक कळायचं कारण नाही. तेव्हा फॉर्म भरतानाच आधार कार्ड समोर धरा आणि इंग्रजी स्पेलिंग एक-एक अक्षर वाचून बघा. वडिलांचं आणि नवऱ्याचं नावही. नंतरची दुरुस्ती म्हणजे दोन राज्यांच्या कचेऱ्यांमधला प्रवास.

दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढा. बँक, एलआयसी, पेन्शन, रेशन कार्ड, गॅस, लाईट बिल, सोसायटी, सगळीकडं लागते. सातबाऱ्याला वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्या. आणि गेलेल्या माणसाचं पासबुक उघडून मे-जूनच्या नोंदी वाचा. 436 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, कारण काहीही असो, 2 लाख. 20 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तो अपघाती मृत्यूला 2 लाख. दोन्हीचे कागद महिन्याच्या आत बँकेत द्या. गेलेल्या माणसानं वर्षानुवर्षं हे पैसे भरलेत आणि घरात कुणाला पत्ता नाही, असं फार वेळा निघतं. एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून पैसे मात्र काढू नका, पुढं भावाभावांत आणि बँकेत दोन्हीकडं उत्तरं द्यावी लागतात.

ज्यांना हे काम करायचंय त्यांना

अधूनमधून एखादा पोरगा येतो आणि म्हणतो, काका, बेवारस मयतीला मलाही बोलवा. मी आधी त्याला हातमोजे, मास्क आणि हिपॅटायटिस बीची लस याबद्दल सांगतो. त्यानंतरही आला तर घेतो. पोलिसांचं पत्र हातात आल्याशिवाय बेवारस मयतीला हात लावायचा नाही. चेहऱ्याचे फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा, गोंदण यांची नोंद पोलिसांनी केली काय ते विचारायचं. ओळख पटलेली नसेल तर शक्यतो दफन करतात, म्हणजे पुढं घरचं कुणी आलं तर काहीतरी दाखवता येतं. जागेवर नंबरचा दगड आणि तोच नंबर आपल्या वहीत. जातधर्म कळत नाही तेव्हा आम्ही हार, उदबत्ती आणि दोन मिनिटं उभं राहणं एवढंच करतो. फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. पहिल्याच दिवशी स्टेटस टाकणाऱ्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

गावात असं काही सुरू करायचं असेल तर संस्था नोंदवायच्या आधी तीन गोष्टी जमवा. एक शीतपेटी, जी कुणाच्यातरी घरी राहील आणि त्या घरचा माणूस रात्री उठेल. स्मशानातल्या जळणाच्या शेडची दुसरी किल्ली. आणि उघडी वही, जिच्यात कुणी किती दिलं आणि कुठं गेलं ते कुणालाही वाचता येईल. पेटी परत आली की त्याच दिवशी फिनेलनं पुसा, झाकण उघडं टाकून वाळवा, वायर तपासा. पुढचा फोन त्याच रात्री येऊ शकतो, आणि तेव्हा प्लग जळालेला निघाला तर दुकानं उघडायला सकाळ होते.